ताईचा उपसंहार

मास्तरांनी तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतली एकच चालली. बाकीच्या दोन वाचनालयाच्या कपाटात एकमेकींना टेकून उभ्या असत. त्यांची झोपमोड कुणी करत नसे. चालली ती पहिली, आणि ती त्यांच्या थोरल्या बहिणीवर होती.

हे काही लपलेलं नव्हतं. मास्तरांनी बहिणीचं नाव बदललं होतं, गल्ली बदलली होती, तिच्या नवऱ्याला मिशा दिल्या होत्या. पण ज्यांना माहीत होतं त्यांना पहिल्याच प्रकरणात कळलं, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांना माहीत असणाऱ्यांनी सांगितलं. ताईचा नवरा एक दिवस सुटकेस भरून निघून गेला, तेव्हा तिची मुलगी चार वर्षांची होती. कादंबरी तिथंच संपते. संध्याकाळ झाली आहे, पावलांचा आवाज जिना उतरून गेला आहे आणि ती बाई उघड्या दारात उभी आहे. पुस्तकातलं शेवटचं वाक्य होतं, ‘ती उभीच राहिली.’

या तीन शब्दांनी मास्तरांचं नाव केलं. पुस्तकाची शेवटची काही पानं धडा म्हणून शाळांना लागली. ‘दार उघडे राहण्याचा अर्थ स्पष्ट करा’ असा प्रश्न परीक्षेत येऊ लागला. मास्तर स्वतः शाळेत भाषा शिकवत, त्यामुळे त्या प्रश्नाची उत्तरं तपासणंही त्यांच्याच नशिबी आलं. एका मुलानं लिहिलं होतं, ‘कारण ते दार लागत नसेल.’ मास्तरांनी त्याला शून्य दिलं.

ताईनं पुस्तक छापून आल्यावर दोन दिवसांत वाचलं होतं. “छान लिहिलंयस,” ती म्हणाली होती. “माझं नाक मात्र इतकं सरळ नाही.” त्यापुढे ती त्याबद्दल कधी बोलली नाही आणि मास्तरांनीही कधी विषय काढला नाही. ती चष्म्याच्या दुकानात कामाला लागली, काचा घासायला शिकली, डोळे तपासायची परीक्षा दिली. म्हातारे मालक थकल्यावर दुकान तीच बघू लागली. तिची मुलगी शिकून लोकांच्या पाठी आणि गुडघे बरे करायच्या धंद्यात पडली. दुकानात अधूनमधून असे लोक येत, ज्यांना चष्मा नको असे, ताईला बघायचं असे. ते दुखवट्याच्या घरी आल्यासारखे हळू बोलत. फ्रेम हातात असे आणि नजर ताईच्या तोंडावर. ताई त्यांना चटकन ओळखायची आणि सगळ्यात महागडी फ्रेम काढून दाखवायची.

ती एका शनिवारी दुपारी मास्तरांच्या शाळेत आली. सभागृहात नाटकाची तालीम चालू होती. नाटक अस्वलाचं होतं. अस्वल चांगलं असतं, पण शिकाऱ्याला ते कळत नाही आणि तो त्याला मारतो. अस्वल पडलं तशी पुढच्या सतरंजीवर बसलेली बालवर्गातली पोरं मुसमुसायला लागली. दोघीतिघींनी तर गळाच काढला. तेवढ्यात अस्वल उठलं, पुढं आलं, डोक्यावरचा मुखवटा काढून काखेत धरला आणि घामाघूम चेहऱ्यानं म्हणालं, “मित्रांनो, मी अस्वल नाही. मी सहावी ब मधला आहे. मला काहीही लागलेलं नाही. शिकारी माझा शेजारी आहे आणि आम्ही एकाच सायकलवरून घरी जाणार आहोत. तुम्हीही घरी जा, हातपाय धुवा आणि पोटभर जेवा.” पोरं रडता रडता हसायला लागली.

तालीम संपून मुलं पांगल्यावर ताई मास्तरांशेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.

“शेवटचं ते बोलणं तू लिहिलंस?”

“लिहावं लागलं. मागच्या वेळी ते नव्हतं, तर बालवर्गातली निम्मी पोरं रात्री झोपली नाहीत. आयाबाप भांडायला आले.” मास्तरांना शिकवण्याची सवय होती, ते पुढं बोलत राहिले. “ही काही माझी युक्ती नाही. जुन्या नाटकांत असायचंच. नाटक संपलं की एक नट पुढं यायचा. सोंग उतरवायचा आणि स्वतःच्या तोंडानं लोकांशी चार शब्द बोलायचा. चुकलंमाकलं पदरात घ्या, आवडलं तर टाळ्या वाजवा, सांभाळून घरी जा. पाहुण्याला जसं आपण दारातूनच निरोप देत नाही, कोपऱ्यापर्यंत सोडायला जातो, तसं.”

“मग माझ्या वेळी का नाही गेलास सोडायला?”

मास्तरांना आधी कळलंच नाही. मग कळलं.

“तुझं पुस्तक परत छापतायत ना,” ताई म्हणाली. “त्यात शेवटी थोडं लिही. पुढं काय झालं ते.”

“उपसंहार?”

“त्याला काय म्हणतात ते तू बघ.”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना वेळ हवा असला की ते असं करत. “ताई, कादंबरीला उपसंहार कधी लावतात माहितीय? लेखकाला स्वतःच्या शेवटावर भरवसा नसतो तेव्हा. नाहीतर वाचकावर भरवसा नसतो तेव्हा.”

“आणि तिसरं?”

“तिसरं नाही काही.”

“अस्वलाचं?”

मास्तर हसले. ताईनं मग सगळं सांगितलं. पोस्टात खिडकीवर बसणारी एक मुलगी दुकानात आली होती. चष्म्यावर बसली होती, दोन्ही काड्या वाकल्या होत्या. ताई काड्या सरळ करत असताना ती एकदम म्हणाली, तुम्ही त्या पुस्तकातल्याच ना. ताई हो म्हणाली आणि काहीतरी किरकोळ बोलून हसली. तर ती मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, तुम्ही हसता?

“तिचा नवरा गेलाय,” ताई म्हणाली. “मेला नाही, गेला. तिनं तुझं पुस्तक तीनदा वाचलंय. शेवटचं पान झालं की उठते आणि स्वतःच्या दारात जाऊन उभी राहते. मला सांगत होती, जसं काही मी तिला शाबासकी देणार होते. मास्तर, तू मला तिथं उभं करून ठेवलंस आणि निघून आलास. माझं काही नाही, मी दुसऱ्याच दिवशी दूध आणायला गेले. पण पुस्तकातली अजून तिथंच आहे. तिचे पाय दुखत असतील.”

“ते पुस्तक आता तुझं माझं राहिलेलं नाही, ताई. लोकांचं झालंय.”

“म्हणून तर लोकांसाठी मागतेय.” तिनं पिशवी उचलली. “बघ जमलं तर. नाही जमलं तर राहू दे.”

मास्तर घरी गेले ते थोडे चिडूनच. त्या तीन शब्दांवर त्यांनी एक अख्खा उन्हाळा घालवला होता. आधी तिथं दोन परिच्छेद होते, ते त्यांनी हळूहळू खरवडत नेले आणि शेवटी तीन शब्द उरले होते. त्यांत आता पाणी घालायचं म्हणजे इतकं आटवलेलं दूध वाया घालवायचं. पण ताईनं त्यांच्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. आईबाप लवकर गेल्यावर त्यांना शिकवलं तिनंच. त्यामुळे चिडचिड करत का होईना, ते लिहायला बसले.

पहिला उपसंहार त्यांनी आठवडाभरात लिहिला आणि दुकानात नेऊन दिला. ताईची मुलगी सुट्टीला आली होती, गल्ल्यामागच्या स्टुलावर बसली होती. ताईनं काउंटरवर कागद पसरले आणि एका गिऱ्हाइकाचा चष्मा होईपर्यंत उभ्याउभ्या वाचले. त्यात काही वर्षं उलटली होती. ती बाई स्वतःच्या दुकानाचं कुलूप उघडत होती, सकाळचं ऊन तिच्या कपाळावर पडलं होतं, ती मान ताठ ठेवून रस्त्यावरून चालत होती आणि लोक बाजूला होत होते.

“ही कोण?” ताईनं विचारलं.

“तू.”

“बघू,” म्हणून भाचीनं कागद ओढले. वाचून म्हणाली, “मामा, ही अशी ताठ चालत राहिली तर तीन महिन्यांत माझ्याकडे येईल. पाठ धरून.”

“आणि लोक बाजूला का होतायत?” ताई म्हणाली. “माझ्यासाठी तर सायकलवालासुद्धा होत नाही.”

दुसऱ्या खेपेला मास्तरांनी उलटं केलं. बाई वयस्कर झाली होती, खिडकीशी बसली होती, खाली रस्त्यावर कुणाची तरी सुटकेस जात होती आणि तिच्या हातातला चहा गार झाला होता. ताईनं ते नीट वाचलं.

“बसवलंस, हे चांगलं केलंस,” ती म्हणाली. “पण चहा कशाला गार केलास? मी कधी तरी चहा गार होऊ देते का?”

मास्तरांनी कागदांची घडी केली आणि खिशात घातली. दुकानात त्या वेळी गिऱ्हाईक नव्हतं. समोरच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता होता, वरचं अक्षर मोठं आणि खाली खाली बारीक होत गेलेलं. ते त्याच्याकडे बघत म्हणाले, “मग काय झालं होतं?”

“कधी?”

“तो गेल्यावर. त्या दिवशी.”

ताईनं हातातली काच खाली ठेवली. “हे तू मला आज विचारतोयस,” ती म्हणाली, पण रागानं नाही. नवल वाटल्यासारखं. मास्तर तेव्हा परगावी शिकायला होते. ते आठवडाभरानं आले होते आणि ताईच्या तोंडाकडे बघून त्यांनी काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. पुढं कादंबरी लिहिली तीही न विचारताच. दार, जिना, संध्याकाळ हे सगळं त्यांचं स्वतःचं होतं.

“पहिलं म्हणजे संध्याकाळ नव्हती,” ताई म्हणाली. “भर दुपार होती. आणि मी दारात उभी होते हे खरं आहे, पण ते कशासाठी, तर दार लागत नव्हतं.”

“म्हणजे?”

“लाकूड फुगलं होतं. खालून जमिनीला घासायचं. वर उचलून, खांदा लावून ढकलायला लागायचं, ते रोज तोच करायचा. त्या दिवशी सुटकेस घेऊन निघाला आणि दार तसंच टाकून गेला. मी ढकलून बघितलं, हलेना. मग उभी राहिले, म्हटलं आता हे रोज कोण लावणार.”

मास्तरांना तो मुलगा आठवला, ज्याला त्यांनी शून्य दिलं होतं.

“समोरच्या खोलीत एक नर्स राहायची, तुला आठवत नसेल. रात्रपाळी करून झोपली होती. माझ्या धडपडीनं उठून आली. केस पिंजारलेले, डोळे सुजलेले. काही विचारलं नाही तिनं, माझ्या शेजारी खांदा लावला. दोघींनी मिळून असा धक्का दिला की दार बसलं. आणि असं बसलं की उघडेचना.”

गल्ल्यामागे बसलेल्या भाचीनं स्टूल पुढं ओढलं. ही गोष्ट तिनंही कधी ऐकली नव्हती.

“नर्स माझ्याकडे अडकली. तिच्या अंगावर घरातला गाऊन, पायात काही नाही, स्वतःच्या खोलीला कुलूप नाही. आम्ही आतून ओढतोय, कडी हातात आली. तोवर इकडे दूध उतू गेलं. तू,” ती मुलीकडे वळून म्हणाली, “ओट्याखाली बसून ते दूध बोटानं चाटत होतीस. नर्स तुझ्याकडे बघून म्हणाली, चला, एकाचं तरी जेवण झालं. आणि मला हसू आलं, मास्तर. असं हसू आलं की मी खाली बसले. ती पण बसली. दोघी जमिनीवर बसून पोट धरून हसत होतो. मग ती माझ्या अंथरुणावर झोपली, संध्याकाळी तिचा भाऊ आला आणि त्यानं दार बाहेरून लाथ मारून उघडलं. रात्री मी रडले. दुसऱ्या दिवशीही रडले, पुढं बरेच दिवस रडले. पण आधी हसले होते. हे कुणाला सांगणार? नवरा गेला त्या दिवशी बाई हसत होती, असं कुणी लिहिलं असतं का?”

मास्तर म्हणाले, “मी लिहिलं नसतं.”

त्या दिवशी ताई बरंच बोलली. नर्सनंच तिला या दुकानात लावलं, मालक तिच्या ओळखीचे होते. पहिल्या दिवसांत तिच्या हातून काचा फुटायच्या आणि मालक म्हणायचे, हरकत नाही, आपला धंदा काचेचाच आहे. मग कधीतरी ती गाणं शिकायला जायला लागली आणि दोन महिन्यांत सोडलं, कारण आवाज खरंच वाईट होता. एकदा एका घड्याळजीनं लग्नाचं विचारलं. माणूस चांगला होता. तिला विचार करायला दोन दिवस लागले आणि तिनं नाही म्हटलं. याचं दुःखही झालं नाही आणि फार मोठा निर्णय घेतला असंही वाटलं नाही. भाची मधूनमधून म्हणत होती, “आई, हे मला का नाही सांगितलंस?” आणि ताई म्हणत होती, “तू विचारलंस कुठं?”

मुलगी चहा आणायला बाहेर गेली, तेव्हा ताईनं आवाज खाली आणला.

“तो इथं येऊन गेला,” ती म्हणाली. “सात-आठ वर्षं झाली असतील.”

मास्तर ताठ बसले.

“चष्मा करायला. योगायोगानं की मुद्दाम, मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. केस गेले होते. त्या खुर्चीवर बसला, मी तक्ता वाचायला सांगितला. खालच्या तीन ओळी दिसत नव्हत्या. मग दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं असतं, त्यासाठी अगदी समोर उभं राहून डोळ्यांत बघावं लागतं. माझ्याकडे बघा म्हटलं. बघितलं त्यानं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कागद दिला, म्हटलं, पुसून घ्या, माप चुकतं. काही दिवसांनी येऊन चष्मा घेऊन गेला. लावला, बाहेरच्या रस्त्याकडे बघितलं, म्हणाला, आता नीट दिसतंय. आणि गेला.”

“तुला काय वाटलं?”

“त्या वेळी वाटलं की याचं नाक एका बाजूला किंचित वर आहे, फ्रेम तशी बसवावी लागेल. नंतर दुपारी जरा बसून राहिले. वाईट वाटलं. कशाचं ते नाही सांगता येणार.”

“ताई, हे. हेच लिहायचं. असा शेवट मला जन्मात सुचला नसता.”

“म्हणूनच नको.”

“अगं पण...”

“तू परत एक शेवट करशील. लोक परत तिथंच थांबतील, खुर्चीपाशी. मला शेवट नकोय, मास्तर. शेवट तू दिलास तो चांगला आहे. मला त्याच्यानंतरचं पाहिजे.” ती तक्त्याखालची खुर्ची फडक्यानं पुसू लागली. “आणि तो गिऱ्हाईक म्हणून आला होता. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचं आम्ही बाहेर सांगत नाही. तुला सांगितलं ते भाऊ म्हणून, लेखक म्हणून नाही.”

मास्तरांना हे सोडणं फार जड गेलं. पुढचे कितीतरी दिवस ती खुर्ची आणि ती नजर त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. दोनदा त्यांनी ते कागदावर उतरवलं आणि दोनदा फाडलं. मग एका दुपारी मधल्या सुट्टीत, अस्वलाचा मुखवटा खोक्यात भरून ठेवताना, त्यांच्या लक्षात आलं की आपण चुकीच्या माणसाच्या तोंडून लिहितोय. अस्वल मेल्यावर लेखक पुढं येऊन बोलला असता तर एकाही पोराचं रडू थांबलं नसतं. बोलायला अस्वलच पाहिजे, मुखवटा काढलेलं. सुट्टी संपल्यावर त्यांनी वर्गातल्या मुलांना शुद्धलेखन घातलं आणि स्वतः तिथंच, टेबलावर लिहायला सुरुवात केली.

‘नमस्कार. तुम्ही आत्ता जिला दारात सोडून आलात, ती मी. माझ्या भावानं मला पुस्तकात फार सुंदर उभं केलंय, पण मी उभी होते ती दार लागत नव्हतं म्हणून...’

अडीच पानं झाली. त्यात नर्स होती, उतू गेलेलं दूध होतं, फुटलेल्या काचा, वाईट आवाज आणि घड्याळजी. रडणंही होतं, आणि किती दिवस ते तिनं मोजलं नव्हतं असं लिहिलेलं होतं. नवरा त्यात नव्हता. शेवटी ती म्हणत होती, ‘तुम्ही माझ्यासाठी हळहळलात, त्याबद्दल आभार. ते खोटं नव्हतं. पण आता उशीर झाला, दार लावून घ्या, नसेल लागत तर शेजारी हाक मारा.’

ताईनं वाचलं. एका ठिकाणी ‘किंबहुना’ होतं, ते तिनं खोडायला लावलं, म्हणाली, मी असं बोलत नाही. बाकी काही बदललं नाही. कागद परत देताना तिनं मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

प्रकाशकांना ते पटलं नाही. “चांगल्या कुत्र्याला दुसरं शेपूट कशाला,” असं ते म्हणाले. पण मास्तर हटून बसले तेव्हा त्यांनी छापलं. एका मासिकात परीक्षण आलं. त्यात लिहिलं होतं की लेखकानं स्वतःच्या हातानं दार बंद केलं आणि मराठी वाचकाला बाहेर ठेवलं. मास्तरांना ते लागलं. मनात कुठंतरी त्यांनाही वाटत होतं की परीक्षक अगदीच चुकीचा नाही. पाठ्यपुस्तकात तर धडा जिथं संपायचा तिथंच संपत राहिला.

वाचनालयानं नव्या आवृत्तीसाठी छोटासा कार्यक्रम ठेवला. लोखंडी खुर्च्यांवर पन्नासेक माणसं होती. ताई तिसऱ्या रांगेत, शेजारी भाची. मास्तरांनी कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचलं. ‘ती उभीच राहिली’ म्हटल्यावर सभागृहात ती ओळखीची शांतता पसरली, जी त्यांना इतकी वर्षं आवडत आली होती. त्यांनी पान उलटलं, ‘नमस्कार’ एवढं वाचलं आणि थांबले. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून येईना. ते वाक्य त्यांचं नव्हतंच.

“ताई,” ते माइकवरूनच म्हणाले, “तू ये.”

ताईनं मान हलवून नाही म्हटलं. भाचीनं तिच्या मांडीवरची पर्स काढून स्वतःकडे घेतली. मग ताई उठली. पुढं जाऊन तिनं वाचायचा चष्मा लावला, पुस्तक हातभर लांब धरलं आणि वाचायला लागली. तिला लोकांपुढं वाचण्यातलं काही कळत नव्हतं. ती तक्त्यावरची अक्षरं वाचून दाखवावीत तशी वाचत होती, सपाट, एकेक शब्द सारख्या आवाजात. दुधाच्या जागी लोक हसले तेव्हा ती दचकून थांबली, आणि मग तिला स्वतःलाच हसू आलं. ते आवरता आवरेना. पदरानं तोंड दाबून ती उभी होती आणि सभागृह तिच्याबरोबर हसत होतं. मास्तर बाजूला उभे राहून तिच्याकडे बघत होते. त्यांना वाटलं, आपण हिच्यावर इतकं लिहिलं, आणि हिला हसताना हे असं पहिल्यांदा बघतोय.

वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या. हातांचं काय करायचं ते ताईला कळेना, तिनं चष्मा काढून केसात खोवला.

पोस्टातली मुलगी मागच्या रांगेत होती. गर्दी कमी झाल्यावर ती पुढं आली.

“मला आधीचाच शेवट जास्त आवडतो,” ती ताईला म्हणाली, थोडी ओशाळून.

“मलाही आवडतो,” ताई म्हणाली. “चांगलाच लिहिलाय त्यानं.”

“पण हा वाचल्यावर झोप लागली.”

“मग झालं तर.” ताईनं तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. “चष्मा डावीकडे उतरलाय तुझा. परत बसलीस का त्याच्यावर?” आणि तिथंच उभ्याउभ्या तो काढून घेऊन अंगठ्यानं काडी दाबायला लागली. मुलगी सांगत होती की तिची बदली होते आहे, गाव नवीन आहे, ओळखीचं कुणी नाही. “गेल्यावर आधी शेजारी कोण आहे ते बघ,” ताई म्हणाली.

भाचीला दुसऱ्या बाजूला जायचं होतं, ती रिक्षा करून गेली. मास्तर आणि ताई बसस्टॉपवर येऊन उभे राहिले. स्टॉपवर एक बाकडं होतं, त्यावर ताई बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

“नवीन काय लिहितोयस?” तिनं विचारलं.

“आमचे जुने हेडमास्तर आहेत ना. त्यांच्यावर. निवृत्तीच्या दिवशी ते रिकाम्या वर्गात एकटेच बसले होते, तिथं संपवायचं म्हणतोय.”

“का बसले होते?”

“का म्हणजे... आता सगळं आयुष्य त्या वर्गात गेलेलं...”

“त्यांना विचारलंस?”

मास्तर चष्मा काढून पुसायला लागले.

“आहेत ना अजून ते?”

“आहेत. बाजारामागे राहतात.”

“मग उद्या जाऊन ये,” ताई म्हणाली, आणि बस आली म्हणून उठली.